श्लोरवागन बाजारात आली नाही, हे बरंच झालं!

वंगणवाला (धागाकर्ता)

दर चार-सहा महिन्यांनी तो कृष्णधवल फोटो कुठून तरी फिरत येतो. चाकं न दिसणारी, साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी गुळगुळीत गाडी आणि खाली ठरलेलं वाक्य: ‘१९३९ साली जर्मनांनी आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांना लाजवेल अशी मोटार बनवली होती, पण ती दाबली गेली.’ मग सगळे हळहळायला लागतात. कोणाला त्यात तेल कंपन्यांचा हात दिसतो, कोणी लोकांची अक्कल काढतो.

माझं म्हणणं असं की कोणी काही दाबलं नाही. ती गाडी, म्हणजे श्लोरवागन, विकायच्या लायकीची नव्हती, म्हणून विकली गेली नाही.

आधी माहिती. ग्योटिंगेनला एव्हीए ही वायुगतिकीची संशोधन संस्था होती. तिथल्या कार्ल श्लोर या इंजिनिअरने विमानाच्या पंखाच्या छेदावरून मोटारीची बॉडी आखली. चासी घेतली मर्सिडीज १७० एचची, म्हणजे इंजिन मागे. १९३९च्या बर्लिन प्रदर्शनात लोकांनी ती पाहिली आणि ‘ग्योटिंगेनचं अंडं’ असं नाव ठेवून मोकळे झाले. ड्रॅग कोएफिशंट, म्हणजे आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा, जितका कमी तितका बरा (पुढे नुसतं ‘सीडी’ म्हणतो), ०.१८६. तुलनेला बीटल घ्या, तिचा ०.४८च्या घरात. मूळ १७० एच ताशी १०५ किलोमीटर जायची, त्याच ३८ अश्वशक्तीच्या इंजिनावर ही १३५च्या आसपास गेली. पेट्रोल १०० किलोमीटरला ८ लिटर, मूळ गाडीला १० ते १२.

इथपर्यंत टाळ्या. आता जरा वाकून चाकांकडे बघा. पुढची चाकंही पूर्ण पत्र्याच्या आत आहेत. स्टिअरिंग वळवलं की चाकाची कड बाहेर येणार, ती पत्र्याला घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना आत तेवढी पोकळी सोडावी लागली. परिणाम काय, तर गाडी ४.३३ मीटर लांब आणि २.१० मीटर रुंद! आजच्या बऱ्याच दांडग्या एसयूव्ही आरसे सोडले तर दोन मीटरच्या आत बसतात. सात माणसं मावायची, कबूल. पण हवेचा विरोध काढताना सीडीला समोरच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं, आणि फोटोखाली ते क्षेत्रफळ कोणीच लिहीत नाही. त्यात ही मूळ गाडीपेक्षा सुमारे २५० किलो जड. आणि आडवा वारा आला की हलायची. इंजिनाचं वजन मागे, वाऱ्याचा रेटा पुढच्या गोल नाकावर, मग दुसरं काय होणार?

राहिला ‘लोकांची अक्कल’ हा मुद्दा. १९३६ साली मर्सिडीजने जवळजवळ तेच इंजिन दोन गाड्यांत दिलं. १७० व्ही, इंजिन पुढे, दिसायला साधी. १७० एच, इंजिन मागे, आकार गोलसर, किंमत जास्त. १९४२पर्यंत पहिली सत्तर हजारांवर गेली, दुसरी दीड हजाराच्या आसपास अडकली. कारण गूढ नव्हतं, एचमध्ये सामान ठेवायला जागा नव्हती आणि पाठीमागून आवाज यायचा. आणि श्लोरने नेमकी तीच चासी उचलली.

---

उलटा वारा

कडाडून असहमत.

पहिल्या नमुन्याला तुम्ही शोरूममधल्या गाडीचे निकष लावताय. श्लोरवागन एकच बनली. एकुलत्या एका नमुन्यात रुंदी जास्त, वजन जास्त, वाऱ्यात हलते, हे दोष निघाले म्हणजे प्रयोग फसला असं नसतं, प्रयोग त्यासाठीच करतात. दुसरा नमुना, तिसरा नमुना, मग साचे, मग विक्री. इथे प्रदर्शन झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पोलंडवर हल्ला. दुसरा नमुना बनवायचा कोणी आणि कधी?

आडव्या वाऱ्याचं म्हणाल तर त्यावर उपाय तेव्हाच माहीत होता. चेकोस्लोव्हाकियाच्या टाट्रा ७७ला १९३४ साली पाठीवर उभा पर होता, विमानाच्या शेपटीला असतो तसा. तिचा आकार पॉल यारायच्या पेटंटवरचा. हा माणूस फ्रीडरिशहाफेनला झेपेलिन हवाई जहाजांचे आकार आखत होता, तिथून मोटारींकडे वळला. टाट्रा लोकांनी विकत घेतली, पुढची टाट्रा ८७ तर तीन हजारांच्या आसपास बनली. खुद्द जर्मनीत आडलरने १९३७ पासून अडीच लिटरची गोल नाकाची गाडी काढली, ‘आउटोबान आडलर’ म्हणायचे तिला (आउटोबान म्हणजे जर्मनीचे द्रुतगती महामार्ग), पाच हजारांवर खपली. म्हणजे हवेतून सरकणारा आकार लोकांना चालत नव्हता हे खोटं.

आणि खिडक्या बघा श्लोरच्या. काच पत्र्याच्या पातळीला, वाऱ्याला अडायला कंगोरा नाही. हीच गोष्ट ऑडीने १९८२ साली १०० मॉडेलमध्ये दिली, सीडी ०.३० आणला आणि जगभर त्याची जाहिरात केली. मधली चाळीस वर्षं जगाने जास्तीचं पेट्रोल जाळलं. त्याला ‘बरंच झालं’ म्हणायचं?

---

तिरकस

त्या ऑडीच्या मोठ्या तिरप्या काचांमुळे आत बसणाऱ्याची उन्हात भाजी व्हायची, हेही जाहिरातीत छापलं होतं का?

असो. धागाकर्त्याशी सहमत, फक्त कारण वेगळं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. उलट बाजूने वाचा: वेग कमी असला की सीडीला कोणी विचारत नाही. ताशी ४०ला टायरचं घर्षण आणि गाडीचं वजन हेच मुख्य. आउटोबानचा पहिला मोठा तुकडा, फ्रांकफुर्ट ते डार्मश्टाट, मे १९३५ मध्ये खुला झाला. त्याआधी हा आकार घेऊन जर्मन माणूस जाणार कुठे होता? दगडी फरसबंदीवर?

---

श्टुटगार्टकरीण

तिरकस, म्हणूनच रुम्प्लरबद्दल बोलायला हवं. श्लोरच्या अठरा वर्षं आधीची गोष्ट आहे ती, आणि मला तर तीच जास्त चटका लावते.

एडमंड रुम्प्लर मूळचा व्हिएन्नाचा, विमानं बनवणारा. ‘टाउबे’ विमानं त्याच्याच कारखान्यातून निघायची. महायुद्ध हरल्यावर जर्मनीवर विमानबंदी आली आणि हा गडी मोटारींकडे वळला. १९२१च्या बर्लिन प्रदर्शनात त्याने ‘ट्रॉप्फेनवागन’, म्हणजे थेंबगाडी मांडली. म्युनिकला डॉइचेस म्युझियमच्या वाहतूक विभागात आहे ती. जगात दोनच उरल्यात, दुसरी बर्लिनच्या तंत्रसंग्रहालयात. वरून पाहिलं तर बॉडी अगदी होडीसारखी, पुढे गोल, मागे निमुळती. नाकावर दोन दिवे, तेही शेजारी शेजारी नाहीत, एकावर एक. चालक एकटा पुढे मधोमध, बाकी मंडळी त्याच्या मागे. मडगार्ड वळवलेले नाहीत, सपाट फळीसारखे आडवे बाहेर आलेत, विमानवाल्याची सवय दिसते. बाजूच्या काचा वक्र, १९२१ साली! शेजारच्या गाड्यांपुढे ती कुठून तरी भलतीकडून आल्यासारखी वाटते.

१९७९ साली फोक्सवागनने तिला आपल्या विंड टनेलमध्ये ठेवलं. सीडी निघाला ०.२८. गंमत म्हणजे त्या वर्षी फोक्सवागन स्वतः जी गोल्फ विकत होती तिचा ०.४२ होता.

आता अपयशाचं कारण. सीमेन्स उंड हाल्स्केने बनवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन-दोनच्या तीन ओळी पंख्यासारख्या पसरलेल्या, बसवलं मागच्या धुऱ्याच्या पुढे. ३६ अश्वशक्ती. ते तापायचं. स्टिअरिंगच्या तक्रारी होत्या. सामानाला जागा नाही. शंभरेक गाड्या बनल्या. छत उंच होतं, चढायला-उतरायला सोपं होतं म्हणून बऱ्याच बर्लिनमध्ये टॅक्सी म्हणून फिरल्या, आणि काही तर पुढे एका चित्रपटात आगीच्या प्रसंगासाठी जाळून टाकल्या.

पण बेन्झने रुम्प्लरचा परवाना घेऊन शर्यतीची गाडी केली, इंजिन चालकाच्या मागे. १९२३ मध्ये मोन्झाच्या युरोपियन ग्रांप्रीला ती चौथी आणि पाचवी आली. आज फॉर्म्युला वनमध्ये इंजिन कुठे असतं? तेव्हा ‘लायकी नव्हती’ हा शब्द जरा जपून.

---

वंगणवाला

@श्टुटगार्टकरीण, वर्णन सुरेख. पण तुमच्याच परिच्छेदात तापणारं इंजिन, बिघडलेलं स्टिअरिंग, नसलेली डिकी आहे. मी वेगळं काय म्हणालो?

@उलटा वारा, टाट्राचा पर मान्य. तरी तिचं ढुंगण जडच राहिलं, वळणावर मागची बाजू फेकली जायची ही तक्रार शेवटपर्यंत होतीच. आणि आडव्या वाऱ्याला एवढं हलक्यात घेऊ नका. २८ जानेवारी १९३८, त्याच फ्रांकफुर्ट-डार्मश्टाट रस्त्यावर. सकाळी शर्यतवाल्या काराचिओलाने मर्सिडीजच्या विक्रमी गाडीतून ताशी ४३२.७ किलोमीटर गाठले. तिचा सीडी ०.१५७, म्हणजे श्लोरपेक्षाही कमी. थोड्या वेळाने ऑटो युनियनची गाडी घेऊन बेर्न्ड रोझेमायर गेला, गाडी रस्ता सोडून उडाली आणि तो जागीच संपला. तोही तसाच झाकलेल्या चाकांचा, गुळगुळीत पत्र्याचा आकार.

---

उलटा वारा

४३०च्या वेगात काय झालं यावरून १३५ने जाणाऱ्या सात आसनी गाडीचा निकाल लावताय? मग काँकर्ड पडलं म्हणून एसटी बंद करा.

---

गॅरेज नंबर चार

मी आपला पान्हेवाला माणूस. माझा प्रश्न साधा आहे. पुढचं चाक पंक्चर झालं तर?

आधी बाजूचं झाकण काढा. मग आत हात घालून नट सोडवा. पावसातून आलेली गाडी असेल तर त्या पोकळीत चिखल वाळून बसलेला. खाली सपाट पत्रा, म्हणजे चेंबरचं ऑइल सोडायचं तर तोही उतरवा. आजही ज्या गाड्यांना खालून पूर्ण प्लास्टिकचं आवरण असतं ना, त्यांचे निम्मे क्लिप पहिल्या सर्व्हिसला तुटतात आणि मग ते आवरण कुठेतरी दोरीने बांधलेलं सापडतं. हवेला अडथळा नको म्हणून सगळं झाकलं की हाताला अडथळा होतो. तीसच्या दशकात दर थोड्या हजार किलोमीटरला ग्रीस मारावं लागायचं. असली गाडी चार महिने वापरून मालकाने झाकणं घरीच काढून ठेवली असती, आणि मग कुठला ०.१८६?

---

इतिहासाची वही

इंजिन कुठे आणि झाकण कसं यावर सगळे बोलताहेत. माणसांबद्दल कोणीच बोलत नाही.

रुम्प्लर ज्यू होता. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच त्याला तुरुंगात टाकलं. पुढे सुटला, पण धंदा संपला तो संपलाच. १९४० मध्ये गेला. याराय हाही ज्यू घरातला, तो आधीच स्वित्झर्लंडला गेला होता म्हणून वाचला. ‘बाजाराने नाकारलं’ असं आपण म्हणतो तेव्हा निदान या दोघांच्या बाबतीत बाजारासोबत आणखी कोण होतं ते विसरू नये.

दुसरी बाजूही ऐका. ज्या गाड्यांवर इथे हळहळ चालली आहे त्यातल्या बऱ्याच जनतेसाठी नव्हत्याच. पोर्शेची टाइप ६४ घ्या. केडीएफ गाडीच्या, म्हणजे नाझींनी जनतेला कबूल केलेल्या पुढच्या बीटलच्या यंत्रावर अल्युमिनियमची सुबक बॉडी. बर्लिन ते रोम शर्यतीसाठी तीन बनवल्या, नाझी आणि फॅसिस्ट दोस्तीचा तमाशा म्हणून. शर्यत ठरली होती सप्टेंबर १९३९ला, झाली नाही. आणि ज्या केडीएफ गाडीची ती जाहिरात होती, तिच्यासाठी तीन लाखांहून जास्त लोकांनी दर आठवड्याला ५ मार्कांची बचतीची तिकिटं पुस्तिकेत चिकटवली. नाझी राजवट संपेपर्यंत त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही.

मर्सिडीजची टी ८० तर विमानाच्या ४४.५ लिटर इंजिनावरची सहा चाकी, ताशी ७५० किलोमीटरचं स्वप्न. जानेवारी १९४०ला धावणार होती, एकदाही धावली नाही. आणि श्लोरवागनचं शेवटी काय केलं? १९४२ मध्ये तिच्या पाठीवर रशियनांकडून जिंकून आणलेलं १३० अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन पंख्यासकट बसवून चाचण्या घेतल्या. तेव्हा ‘महायुद्ध आलं नसतं तर’ हा प्रश्नच मला पोकळ वाटतो. ते आउटोबान, त्या संस्था, तो पैसा, सगळं त्याच तयारीचा भाग होतं.

---

तिरकस

वहीताई, टाइप ६४चा किस्सा अर्धाच सांगितलात. उरलेली गाडी ओटो माथे नावाच्या ऑस्ट्रियन शर्यतवाल्याने १९४९ मध्ये घेतली. त्याचा उजवा हात निकामी, डाव्या हाताने सगळं करायचा, तरी जिंकायचा. २०१९ला ती गाडी कॅलिफोर्नियात लिलावाला आली. लिलाव पुकारणारा १३ दशलक्ष डॉलर म्हणाला, पडद्यावर ३० उमटले. बघता बघता आकडा ७० वर. सभागृह उभं राहून ओरडतंय, आणि मग हा म्हणतो, १७ बरं का, सतरा. लोकांनी हुर्यो केली, गाडी विकलीच गेली नाही. ऐंशी वर्षांनीही त्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना, धागाकर्त्याचा विजय असो.

---

चाकणचा वाटसरू

मर्सिडीजची ईक्यूएस आमच्या चाकणच्या कारखान्यात जुळवतात, २०२२ पासून. सीडी ०.२०. म्हणजे रुम्प्लर-श्लोर यांची वारसदार शेवटी पुणे जिल्ह्यात पोचली म्हणायची! कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की चाकण चौकात कंटेनरच्या मागे अर्धा तास उभी. तिथे सीडी ०.२० असो की बैलगाडीचा असो. एक्स्प्रेसवेवर १००ची मर्यादा, तिथे जरा उपयोग.

अवांतर: त्या गाडीचं बोनेट मालकाने उघडायचंच नाही अशी रचना आहे. गॅरेज नंबर चार, तुमच्यासाठी वाईट बातमी.

---

श्टुटगार्टकरीण

@वंगणवाला, तुमचा मूळ घोळ ‘बाजारात आली’ आणि ‘फुकट गेली’ या दोनच खणांत सगळं कोंबण्यात आहे. मर्सिडीजची सी १११ आठवा. १९६९ला फ्रांकफुर्टला दाखवली, नारिंगी, वर उघडणारे दरवाजे, वांकेल इंजिन (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं). लोक कोरे धनादेश घेऊन आले म्हणतात. कंपनीने एकही विकली नाही. वांकेल पेट्रोल प्यायचं, धूर सोडायचं. पण तीच गाडी घेऊन १९७६ला इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर तीन लिटरचं पाच सिलिंडरी टर्बो डिझेल ताशी २५०च्या सरासरीने पळवलं. डिझेल म्हणजे टॅक्सी आणि ट्रॅक्टर असं समजलं जाण्याचे दिवस होते ते. दोनच वर्षांत टर्बो डिझेलची ३०० एसडी विक्रीला आली. आकार संग्रहालयात गेला, इंजिन रस्त्यावर आलं.

काम्मचंही तसंच. वुनिबाल्ड काम्म इथे श्टुटगार्टलाच संशोधन करायचा. लांब निमुळती शेपटी मध्येच कापली तरी हवा जवळपास तेवढीच शहाण्यासारखी वागते, हे त्याच्या कामातून पुढे आलं. त्याच्या स्वतःच्या प्रायोगिक गाड्या कोणी विकत घेतल्या नाहीत. ती कापलेली शेपटी आज तुमच्या गल्लीतल्या हॅचबॅकला आहे.

---

वंगणवाला

मग तुम्ही माझंच म्हणणं मांडताय! अर्धकच्ची गाडी बाजारात न ढकलता तिच्यातलं जे पिकलंय तेवढं घ्यावं. ढकलली की काय होतं ते बघायचंय? एनएसयू आरओ ८०. १९६७, सीडी ०.३५५, त्या काळी सलून गाडीला हे फारच चांगलं. युरोपात ‘कार ऑफ द इयर’. आणि वांकेल इंजिनाच्या रोटरची टोकावरची सीलं झिजायची, वॉरंटीत इंजिनंच्या इंजिनं बदलून द्यावी लागली. १९६९ला कंपनी फोक्सवागनच्या पोटात गेली. धाडसी आकार बाजारात आणल्याचं बक्षीस.

फोक्सवागनची एक्सएल १ सुद्धा बघा. ०.१८९, लिटरमागे शंभराहून जास्त किलोमीटर, मागची चाकं श्लोरसारखीच झाकलेली. किंमत १,११,००० युरो आणि बनवल्या फक्त २५०. पंच्याहत्तर वर्षं, कार्बन फायबर आणि संगणक हाताशी येऊनही हा आकार सामान्य माणसाच्या खिशात बसला नाही.

---

उलटा वारा

एक्सएल १ महाग होती ती कार्बन फायबरमुळे. पत्रा वाकवायला गोल काय आणि चौकोनी काय, फारसा फरक पडत नाही.

आणि आरओ ८०चं उदाहरण देऊन तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. गुन्हा इंजिनाचा, फाशी आकाराला? त्या गाडीचं नाक खाली, पाठ उंच हे रूप पुढे वीस वर्षं सगळ्यांनी उचललं. आणि मालकांनी काय केलं ते माहीत आहे ना? इंजिन बसलं की बऱ्याच जणांनी ते वांकेल काढून फोर्डचं व्ही ४ टाकलं आणि गाडी वापरत राहिले. बॉडी कोणी फेकली नाही.

---

वंगणवाला

टाकलं, खरं आहे. पण ते आकाराच्या प्रेमाने टाकलं, की बंद पडलेली आरओ ८० भंगाराच्या भावात मिळत होती आणि फोर्डचं इंजिन त्याहून स्वस्त, म्हणून टाकलं? एवढं सांगा, मग पुढे बोलू.